जहाजावरचा पेला फुकट नसतो

बियाणे आणि कीटकनाशके विकणाऱ्या कंपन्या वर्षाचे लक्ष्य गाठणाऱ्या कृषी केंद्रचालकांना परदेशवारी घडवतात, यात विदर्भातल्या तालुक्याच्या गावांना काही नवल राहिलेले नाही. पूर्वी बँकॉक आणि पटाया ही ठरलेली ठिकाणे होती, आता त्यांत क्रूझची भर पडली आहे. निवृत्त शिक्षकांचे गटही नागपूर-अमरावतीच्या ट्रॅव्हल एजंटांकडे पैसे भरून असल्या जहाजांवर जाऊ लागले आहेत. अशाच एका सहलीवरून परतलेल्या मंडळींमुळे यंदा यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या दारव्हा तालुक्यात जो वाद पेटला, तो पोळा उलटला तरी विझलेला नव्हता. पत्रकावर ‘ऑल इन्क्लुझिव्ह’, म्हणजे खाणेपिणे भाड्यातच समाविष्ट, असे ठळक छापलेले होते. प्रत्यक्षात व्हिस्की अनोळखी नावाची आणि हलकी निघाली, वाइन आंबट लागली आणि फळांचा रस म्हणून मिळाले ते साखरपाणी. एका बाजूचे म्हणणे असे की, “पैसे मोजले तं मंग रंगीत पाणी काऊन पाजलं?” दुसऱ्या बाजूचे उत्तर तयारच होते: “बसल्या जागी फुकट पाजलं, अन् वरून नावं ठेवता?”

माझ्या मते दोन्ही बाजू चुकीच्या जागी भांडत आहेत. समाविष्ट पेय फुकट नसते, त्यामुळे ‘नावे ठेवू नका’ हा उपदेश मुळातच गैरलागू आहे. त्याचबरोबर समाविष्ट पेय उंची असलेच पाहिजे हा हट्टही टिकणारा नाही, कारण स्वस्त माल स्वस्त म्हणून विकण्यात कसलीही फसवणूक होत नाही. आक्षेप घ्यायचा तो वेगळ्याच गोष्टीला घ्यायला हवा: पेल्यात कोणत्या नावाचे, किती मापाचे आणि कोणत्या प्रतीचे पेय ओतले जाणार आहे, हे तिकीट घेणाऱ्याला पैसे भरण्यापूर्वी सांगितले जात नाही. दर्जाचा सगळा वाद या एका मौनातून निर्माण झालेला आहे.

‘फुकट’ या समजुतीचा निकाल आधी लावला पाहिजे, कारण तिच्यामुळे पुढचा विचारच खुंटतो. धर्माची गाय आणि दात का गं नाही, ही म्हण आपण लगेच तोंडावर फेकतो. पण ही गाय धर्माची कुठे आहे? ती बाजारातून रोख पैसे मोजून आणलेली आहे, आणि बैलबाजारात जबडा उघडून दात पाहिल्याशिवाय व्यवहार करणारा शेतकरी मी तरी पाहिलेला नाही. ज्या जहाजांच्या भाड्यात दारू धरलेली असते, तिथे ती भाड्याच्या रकमेत मिसळलेली असते एवढेच. जिथे ती धरलेली नसते, तिथे दिवसाच्या दराने पेयांचे पॅकेज विकले जाते, आणि अनेक कंपन्या त्यावर अठरा टक्के किंवा त्याहून अधिक सेवाशुल्क स्वतःहून लावतात. कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियन यांसारख्या मोठ्या कंपन्यांचा सर्वसाधारण नियम तर असा आहे की, एका खोलीतल्या एका प्रौढाने दारूचे पॅकेज घेतले की त्याच खोलीतल्या दुसऱ्या प्रौढानेही ते घ्यावे. म्हणजे नवरा घेणारा आणि बायको माळकरी असली, तरी सवलत मागून मिळवल्याशिवाय दोघांचेही पैसे भरावे लागतात. ज्या पेयाचा एक थेंबही न पिणारी बाई त्याची किंमत भरते, त्याला फुकट म्हणायला जीभ कशी धजावते? राहिला प्रश्न केंद्रचालकांचा. त्यांच्या सहलीचा खर्च कंपनी करते हे खरे; पण कंपनी तो बियाण्याच्या पिशवीच्या आणि औषधाच्या डब्याच्या किमतीतूनच काढते, तेव्हा त्या व्हिस्कीचा खरा यजमान कोण, हे कापूस लावणाऱ्याला सांगायला नको.

फुकटेपणाचा शिक्का मारून तक्रार बंद करण्याची ही रीत आपल्याला अन्यत्रही भेटते. 2024 साली राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज जाहीर केली. तेव्हापासून रात्रीच्या पाळीत येणाऱ्या आणि दाब कमी असलेल्या विजेबद्दल कुणी बोलले की, “बिल तरी भरता का?” एवढ्या एका प्रश्नावर त्याला गप्प बसवता येते. ज्याला किंमत नाही असे एकदा ठरवले, त्याला प्रतही नसते असे आपोआप ठरून जाते.

आता विरोधी बाजूचे जे खरोखर वजनदार मुद्दे आहेत ते मान्य केले पाहिजेत. पहिला मुद्दा चवीचा. महाग पेय चांगलेच लागते, हा समज पारखून पाहणाऱ्यांची पंचाईत करणारा आहे. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाटलीचे नाव आणि किंमत झाकून घेतलेल्या सहा हजारांहून अधिक चवचाचण्या तपासल्या गेल्या, आणि वाइनचे विशेष शिक्षण नसलेल्या माणसांना महाग वाइन अधिक आवडते असे त्यांतून दिसले नाही. उलट ती किंचित कमीच आवडली. मग बर्फ, सोडा आणि लिंबू यांत बुडालेल्या व्हिस्कीची प्रत ओळखल्याचा दावा करणारे आमचे मित्र नेमके काय ओळखत होते, बाटलीवरचे नाव की पेल्यातली चव? दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. आपल्याकडे हलकी दारू म्हटली की पोटात गोळा येतो, आणि 2015 साली मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली हे आठवले तर तो यायलाच हवा. परंतु मोठ्या जहाजांवर माल घाऊक पुरवठादारांकडून मोहोरबंद बाटल्यांत चढवला जातो, त्यामुळे तिथली हलकी दारू म्हणजे कमी किमतीची दारू, घातक दारू नव्हे. तिसरा मुद्दा हिशेबाचा. अमर्याद प्यायला देणाऱ्याने सरासरी प्रवासी किती पिईल याचा अंदाज बांधूनच दर ठरवलेला असतो, आणि अधाशीपणे पिणाऱ्याचा बोजा बेताने पिणाऱ्यावर पडणे त्यात अटळ असते. कार्निव्हलने आपल्या पॅकेजवर चोवीस तासांत पंधरा मद्यपेयांची मर्यादा घातलेली आहे. मर्यादाच जिथे पंधरावर नेऊन ठेवावी लागते, तिथे पिणारेही काही साधुसंत नसतात.

हे तिन्ही मुद्दे मान्य केले, तरी त्यांतून निघणारा निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. चव ज्याची त्याची असते, म्हणून दर्जाबद्दल बोलूच नये, हे कसले तर्कशास्त्र? चव व्यक्तिसापेक्ष असेल. माप नसते, बाटलीवरचे नाव नसते, वाइन कोणत्या देशाची आणि कोणत्या साली भरलेली हेही नसते. आपल्याकडच्या बारमध्ये पेग तीस किंवा साठ मिलिलिटरचा असतो, हे पिणाऱ्याला आणि पाजणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते. ब्रिटनमध्ये जिन, रम, व्होडका आणि व्हिस्की सुटी विकताना पंचवीस किंवा पस्तीस मिलिलिटर हेच माप कायद्याने ठरवून दिलेले आहे, आणि आपण यांपैकी कोणते वापरतो हे दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या नजरेस पडेल असे लिहून ठेवावे लागते. जमिनीवर जे एका साध्या पाटीने साधते, ते समुद्रात अशक्य का व्हावे?

अमर्यादपणाच्या हिशेबाचा मुद्दा तर माझ्याच बाजूने बोलतो. प्रत्येक पेल्याचे वेगळे पैसे मिळत असतात, तेव्हा पेला चांगला असण्यात विकणाऱ्याचाही फायदा असतो, कारण गिऱ्हाईक दुसरा पेला मागेल. रक्कम एकदाच आणि आधीच हाती पडली, की पुढचा प्रत्येक पेला हा निव्वळ खर्च ठरतो आणि तो जितका बेचव तितका बरा. यात कुणाच्या सज्जनपणाचा प्रश्न येत नाही, व्यवहाराची मांडणीच तशी आहे. त्यावर आणखी एक पदर चढतो तो ‘प्रीमियम’चा. समाविष्ट यादीतले पेय घशाखाली उतरेना, की बारवाला नम्रपणे सांगतो, थोडा फरक भरला तर चांगले मिळेल. तेव्हा विचारावेसे वाटते की, खालच्या यादीतले पेय वाईट आहे ते परवडत नाही म्हणून, की वरची यादी खपावी म्हणून?

हा प्रश्न दीडशे-पावणेदोनशे वर्षे जुना आहे. 1849 साली ज्यूल द्युपुई या फ्रेंच अभियंत्याने रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाबद्दल नेमके हेच लिहून ठेवले आहे. त्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नव्हते आणि बाके लाकडाची होती. द्युपुईचे म्हणणे असे की, छप्पर घालायला लागणाऱ्या थोड्या फ्रँकांसाठी कंपनी गरिबांना उन्हापावसात बसवत नाही. दुसऱ्या वर्गाचे भाडे ज्याला परवडते त्याने चुकूनही तिसऱ्यात बसू नये, एवढ्यासाठी ती तिसरा वर्ग मुद्दाम त्रासाचा ठेवते. आपल्याकडे तिसऱ्या वर्गाच्या डब्यांतून हिंडणाऱ्या गांधीजींनी 1917 साली त्या डब्यांतल्या घाणीवर आणि गर्दीवर जाहीरपणे लिहिले, तेव्हा त्यांनी मांडलेला हिशेबही लक्षात ठेवण्यासारखा आहे. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटींहून अधिक आहे, हे त्यांनी मान्य केले. मग तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला पहिल्याच्या सोयीचा पाचवा, निदान दहावा हिस्सा तरी मिळतो का, असा त्यांचा सवाल होता. तिसऱ्या वर्गाला पहिल्या वर्गाच्या गाद्या द्या, असे ते म्हणत नव्हते. मोजलेल्या पैशाच्या प्रमाणात सोय द्या, एवढीच मागणी होती. पुढे सेवाग्रामला राहायला आलेल्या आणि दारूला आयुष्यभर विरोध केलेल्या माणसाचा दाखला दारूच्या दर्जासाठी द्यावा, याचा मला संकोच वाटतो. पण प्रमाणाचा हा न्याय पेल्यालाही तितकाच लागू पडतो आणि त्यापेक्षा नेमका युक्तिवाद मला दुसरा सापडलेला नाही.

जहाजावरच्या समाविष्ट पेयाचा इतिहास पाहिला, तर आणखी एक गंमत हाती लागते. ब्रिटिश आरमारात खलाशांना रम शिध्याचा भाग म्हणून मिळत असे. 1655 साली जमैका इंग्रजांच्या ताब्यात आल्यानंतर ही रीत रुजली आणि 31 जुलै 1970 या दिवशी ती संपली. 1740 साली अ‍ॅडमिरल व्हर्ननने हुकूम काढला की रम नुसती न देता पाणी मिसळून द्यावी, म्हणजे सरकारने स्वतःच खलाशाचे पेय पातळ केले. पण त्याच हुकुमात हेही होते की, ते मिश्रण डेकवर उघड्यावर, पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्यासमोर व्हावे आणि खलाशाला त्याच्या वाट्याची रम पुरेपूर मिळते की नाही, यावर त्या अधिकाऱ्याने लक्ष ठेवावे. चाबकाखाली राबणाऱ्या, कोणतेही हक्क नसलेल्या खलाशाचा पेला पातळ करतानासुद्धा तो साक्षीने करावा लागतो, ही समज अठराव्या शतकातल्या आरमाराला होती. आजच्या प्रवाशाने लाखभर रुपये भरून काचेच्या भिंतींच्या बारमध्ये बसावे आणि आपल्या पेल्यात कोणत्या बाटलीतले किती पडले, हे त्याला कळू नये, याला प्रगती म्हणायचे का?

इथवर मी दारूबद्दल बोललो, कारण वाद तिच्यावरून पेटला. पण या वादाचा सर्वांत मोठा दोष हा आहे की, पेय म्हणजे दारू असे दोन्ही बाजूंनी गृहीत धरले. आमच्या भागातून जाणाऱ्या गटांत माळकरी असतात, चातुर्मास पाळणारे असतात, मधुमेहामुळे वर्ज्य केलेले असतात, आणि बायका तर बहुतांशी न पिणाऱ्याच. मीही माळकरी घरातला आहे. या सगळ्यांच्या वाट्याला समाविष्ट पेय म्हणून काय येते? चहाच्या टेबलावर नळाच्या भांड्यातले गरम पाणी, जे उकळीच्या बरेच अलीकडे थांबलेले असते. दोऱ्याला लटकणारी चहाची पुडी. दुधाच्या जागी पांढऱ्या भुकटीची चपटी पाकिटे. पुडी कितीही वेळ बुडवली तरी रंग उतरतो, कडकपणा उतरत नाही, आणि भुकटी वर गुठळ्या करून तरंगत राहते. दूध, पाणी आणि ठेचलेले आले एकत्र खळखळून उकळल्याशिवाय ज्याला चहा म्हणत नाहीत अशा मुलखातली म्हातारी माणसे ते पेय पहिल्या सकाळी तोंडाला लावतात आणि कप तसाच ठेवून देतात. रसाच्या यंत्राला बटणे असतात; दाबले की दाट अर्क आणि पाणी एकाच तोटीतून एकत्र येऊन पेल्यात पडते. थंड पेयाच्या तोटीत साखरेच्या पाकाच्या एका भागाला साधारण पाच भाग सोडा मिसळला जातो, आणि पाकाची खोकी संपत आली की जे येते ते फिकट, मचूळ पाणी असते. ताज्या संत्र्यांचा रस आणि यंत्रावर काढलेली कॉफी बऱ्याच जहाजांवर समाविष्ट नसते, तिचे वेगळे पैसे पडतात. संत्र्याच्या मुलखातल्या माणसाला संत्र्याच्या रसाचे जादा पैसे मागावेत, हा योग तर मासलेवाईकच म्हणायचा.

या न पिणाऱ्यांची तक्रार कुणी ऐकली? व्हिस्कीवरून गटात महिनाभर खल झाला. चहावरून एक शब्द निघाला नाही. वास्तविक भाड्यात धरलेल्या दारूची किंमत हे लोकही भरतात आणि त्यांना तिचा काडीचाही उपयोग नसतो. दर्जाचा प्रश्न उपस्थित करणाऱ्याला जर खरोखर न्यायाची चाड असेल, तर त्याने पहिला आवाज या कपासाठी उठवायला हवा होता.

आणि दर्जा जाहीर करणे अवघड असते, हा बचाव तर पाण्यापाशीच कोसळतो. जहाजावरचे पिण्याचे पाणी बव्हंशी समुद्राचेच, ऊर्ध्वपातनाने किंवा सूक्ष्म पडद्यातून गाळून काढलेले असते. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या प्रवासी जहाजांची तपासणी तिथली सीडीसी ही आरोग्यसंस्था 1975 पासून करत आली आहे. पाण्यात क्लोरिन किती असावे, याचा आकडा ठरलेला आहे, जहाजाला शंभरपैकी गुण दिले जातात, पंच्याऐंशी किंवा त्याहून कमी मिळाले तर ते नापास समजले जाते, आणि हे गुण कुणालाही पाहता येतात. रोगराईच्या भीतीने का होईना, एका पेयाचा दर्जा मोजून जाहीर करता येतो, हे या उद्योगाने सिद्धच केलेले आहे. दुसऱ्या पेयांचा नुसता तपशील छापायला मग कोणती अडचण येते?

‘इतके असेल तर विकत घेऊन चांगले प्यावे’ असाही सल्ला देणारे भेटतात. बाजारात तो योग्य ठरला असता, कारण एका दुकानात पटले नाही तर माणूस दुसऱ्या दुकानात जातो. समुद्रावर दुसरे दुकान नसते. स्वतःची बाटली आणायला बहुतेक जहाजांवर मनाई असते. काही कंपन्या माणशी एक वाइनची बाटली तेवढी चढू देतात. अशा कोंडलेल्या गिऱ्हाइकाचे काय होते, हे विदर्भाला कुणी शिकवायला नको. वर्ध्यात दारूबंदी आहे, गडचिरोलीत 1993 पासून आहे, चंद्रपुरात ती 2015 ते 2021 या काळात होती. दारूबंदी असावी की नसावी हा वेगळा वाद आहे, आणि त्यात मी असावी म्हणणाऱ्यांच्या बाजूचा आहे. परंतु बंदीच्या जिल्ह्यात चोरून पिणाऱ्याला बाटलीत नेमके काय भरले आहे हे विचारायची सोय नसते. तो दुप्पट दाम मोजतो आणि मिळेल ते मुकाट्याने पितो. जहाजावरच्या प्रवाशाने कुठलाही कायदा मोडलेला नसतो, त्याच्या खिशात पावती असते, तरीही त्याच्याकडून त्याच मुकाटपणाची अपेक्षा केली जाते.

दर्जा सुधारला तर दर वाढतील, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. मात्र दर न वाढवता दर्जा सुधारण्याचा एक मार्ग उघडा आहे, तो म्हणजे अमर्यादपणाला कात्री लावणे. व्हायकिंग या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर भाड्यात बिअर आणि वाइन धरलेली असते ती दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर. स्पेनच्या बालेआरिक बेटांवर तर 2020 साली सरकारनेच काही पर्यटनस्थळांतल्या सर्वसमावेशक हॉटेलांना दिवसाला सहाच मद्यपेयांची मर्यादा घालून दिली, तीन दुपारी आणि तीन रात्री. तिथला हेतू धिंगाणा आवरण्याचा होता, दर्जाचा नव्हता. तरी ‘समाविष्ट’ म्हणजे ‘अमर्याद’च असले पाहिजे असे कुठल्याही शास्त्रात लिहिलेले नाही, हे त्यातून दिसतेच. पंधरा बेचव पेल्यांपेक्षा चार जाहीर केलेले पेले आणि न पिणाऱ्याला भाड्यात तेवढी वजावट, हा सौदा आमच्या गटातल्या बहुतेकांनी आनंदाने केला असता. तो त्यांच्यापुढे ठेवलाच गेला नाही.

शेवटचा आक्षेप कायद्याचा असतो: जहाज परक्या देशाचे, समुद्र कुणाचाच नाही, मग दाद कुणाकडे मागायची? करारात परदेशी न्यायालयाचे कलम घालून कंपन्या ही भीती आणखी पक्की करतात. परंतु पत्रक छापले गेले नागपुरात, पैसे भरले गेले अमरावतीत, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला तो जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाण्याची मुभा दिलेली आहे. दिशाभूल करणारी जाहिरात हा त्याच कायद्याने दखलपात्र ठरवलेला विषय आहे. त्यामुळे पैसे भरून गेलेल्या शिक्षकांना एजंटाविरुद्ध यवतमाळच्या आयोगात ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ या शब्दांचा हिशेब मागता येईल. कृषी केंद्रचालकांची गोष्ट निराळी. त्यांनी तिकिटाचे पैसे भरलेले नाहीत, सहल धंद्याच्या मोबदल्यात मिळालेली आहे, आणि ग्राहक म्हणून त्यांचा दावा उभा राहणे कठीण आहे. त्यांना जे विचारायचे ते लक्ष्य स्वीकारतानाच, कंपनीच्या प्रतिनिधीसमोर, पेयांची यादी मागून विचारावे लागेल. आणि त्या वेळी यादीत चहा कसा मिळणार, हेही एका ओळीत लिहून घ्यावे.